टेबलाला कसे कळते, किती जोर लावायचा ते?

ओसरी
नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. गेल्या आठवड्यात गतीचे नियम वाचता वाचता तिने मला जो प्रश्न विचारला, त्याचे समाधानकारक उत्तर मला आठ दिवसांत देता आलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

टेबलावर एक किलोचे पुस्तक ठेवले, तर पृथ्वी त्याला सुमारे ९.८ न्यूटन बलाने खाली ओढते. पुस्तक खाली पडत नाही, म्हणजे टेबल त्याला तेवढ्याच बलाने वर ढकलत असले पाहिजे, इथपर्यंत तिला मान्य आहे. तशी दोन पुस्तके ठेवली तर टेबल १९.६ न्यूटनने ढकलते आणि काहीच ठेवले नाही तर अजिबात ढकलत नाही. तिचे म्हणणे असे, की टेबल तर निर्जीव आहे. आपल्यावर काय ठेवले आहे हे त्याला कसे कळते आणि नेमका तेवढाच जोर ते कसे लावते? थोडा जास्त लावला असता तर पुस्तक उडाले असते आणि कमी लावला असता तर आत घुसले असते.

मी "न्यूटनचा तिसरा नियम" असे उत्तर दिले. त्यावर ती म्हणाली, "बाबा, ते नियमाचे नाव झाले, कारण नाही झाले." मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे माझी शिदोरी येथेच संपली. जाणकारांनी कृपया मदत करावी.

ताकभात
आमच्या कचेरीतल्या टेबलांना वजन अगदी अचूक कळते. फाइलीवर वजन ठेवल्याशिवाय ती पलीकडे सरकत नाही, आणि किती ठेवले आहे हे टेबलाला न मोजता समजते.

सरळरेषा
ओसरी, तुम्ही दिलेले उत्तर बरोबरच आहे. पुस्तकाचे वजन ही क्रिया आणि टेबलाने वर ढकलणे ही प्रतिक्रिया. क्रिया आणि प्रतिक्रिया नेहमी समान असतात, हा निसर्गाचा नियम आहे. नियमाला पुन्हा कारण विचारायला लागलो तर त्याला अंत नाही.

निवृत्त मास्तर
सरळरेषा, तुमचा गैरसमज फार जुना आणि फार प्रतिष्ठित आहे. बत्तीस वर्षे विज्ञान शिकवताना पहिली चार-पाच वर्षे मीही फळ्यावर हेच लिहून दिले होते, त्यामुळे तुम्हाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु ही जोडी चुकीची आहे.

तिसऱ्या नियमातली दोन बले कधीही एकाच वस्तूवर लागत नाहीत. "अ ने ब ला ढकलले" हे वाक्य उलटे करून "ब ने अ ला ढकलले" असे म्हटले की जोडी तयार होते. पुस्तकाचे वजन म्हणजे पृथ्वीने पुस्तकाला ओढणे. हे वाक्य उलटे केले तर पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणे असे होईल, आणि वजनाची खरी प्रतिक्रिया हीच आहे. तिथे टेबलाचा काही संबंधच येत नाही. टेबलाने पुस्तकाला वर ढकलणे याची जोडी म्हणजे पुस्तकाने टेबलाला खाली दाबणे.

म्हणजे येथे बलांच्या दोन जोड्या आहेत. प्रत्येक जोडीच्या आतली समानता ही तिसऱ्या नियमाची, आणि ती कुठल्याही परिस्थितीत टळत नाही. पुस्तकाचे वजन आणि टेबलाने लावलेले बल यांची समानता मात्र निराळ्या जातीची आहे. पुस्तक स्थिर असल्यामुळे त्याच्यावरील एकूण बल शून्य असते, म्हणून ती आली. ती मोडता येते. तेच टेबल लिफ्टमध्ये ठेवा आणि लिफ्ट वर निघताना पाहा. टेबलाचे बल वजनापेक्षा जास्त झालेले असेल. तिसऱ्या नियमाने ती दोन्ही बले बांधलेली असती तर असे घडलेच नसते.

तेव्हा तुमच्या मुलीची शंका रास्त आहे. तिसरा नियम तिच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. उत्तर स्थितिस्थापकतेच्या धड्यात आहे, आणि तो धडा बिचारीला अजून दोन वर्षांनी शिकवतील.

सरळरेषा
मास्तर, मान्य. तीस वर्षे मी चुकीची जोडी जुळवून संसार केला असे दिसते.

उंबरठा
मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न म्हणजे माझी रोजची भाकरी आहे. टेबलाला काही कळत नाही. ते फक्त वाकते.

तिला प्रथम गादीवर पुस्तक ठेवायला सांगा. गादी दबते आणि एका जागी येऊन थांबते. दुसरे पुस्तक ठेवले की आणखी दबते. गादीतली स्प्रिंग जितकी जास्त दबेल तितकी ती जास्त जोराने परत ढकलते. पुस्तक खाली जात राहते, ढकल वाढत राहते, आणि ज्या खोलीवर ढकल वजनाइतकी होते त्या खोलीवर पुस्तक विसावते. येथे कोणीही हिशेब केलेला नाही. वजन वाढले तर विसावण्याची जागा खाली सरकते, एवढेच.

टेबल ही अतिशय कडक गादी आहे. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि २५ मिलिमीटर जाड अशी लाकडी फळी दोन्ही टोकांना टेकवली आणि मध्यभागी एक किलोचे पुस्तक ठेवले, तर लाकडाचा सर्वसाधारण कडकपणा धरून ती मध्ये सुमारे ०.०३ मिलिमीटर वाकते. माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही हे कमी आहे, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पंचवीस किलोचे पोते ठेवले तर वाक पाऊण मिलिमीटरच्या आसपास जातो आणि फूटपट्टी आडवी धरून पाहिले तर तो दिसूही लागतो. पुस्तकांनी भरलेल्या जुन्या मांडणीच्या फळ्या पोट सोडून बसलेल्या असतात, त्या सर्वांनी पाहिल्याच असतील. (तिथे वर्षानुवर्षांच्या भाराने लाकूड कायमचेही बसते, पण सुरुवात याच वाकण्यापासून होते.)

सरळरेषा
मग दगडी जोत्यावर पुस्तक ठेवले तर? आमच्या गावच्या वाड्याचे जोते काळ्या पाषाणाचे आहे. ते वाकते म्हणालात तर आजोबा स्वप्नात येऊन जाब विचारतील.

उंबरठा
वाकण्यासाठी खाली मोकळी जागा लागते, ती जोत्याला नाही, त्यामुळे ते वाकत नाही, पण दबते. घन पदार्थातले अणू एकमेकांपासून ठरावीक अंतरावर बसलेले असतात. लोखंडात हे अंतर साधारण पाव नॅनोमीटर असते. अणू त्याहून जवळ आणले तर ते एकमेकांना दूर लोटतात आणि लांब ओढले तर परत खेचतात. अशा कोट्यवधी स्प्रिंगांनी दगड बनलेला असतो. पुस्तक ठेवल्यावर त्या सगळ्या किंचित आखडतात. आजोबांना सांगा, जोते दबले तरी पुस्तक उचलल्यावर पूर्ववत होते. वाड्याच्या प्रतिष्ठेला धक्का नाही.

सायंतारा
येथे मला एक गोंधळ विचारायचा आहे. शाळेत आम्हाला पोलाद हे रबरापेक्षा अधिक लवचिक असते असे शिकवले होते आणि परीक्षेत ते एका गुणाला हमखास येत असे. मी ते लिहून गुण मिळवले, पण मनातून कधीही पटले नाही. रबर चौपट ताणले जाते आणि पोलादाची सळई माझ्याने हलतही नाही. मग अधिक लवचिक कोण?

अनुस्वार
सायंतारा, तुमचा गोंधळ विज्ञानाने केलेला नसून भाषांतराने केलेला आहे. लवचिक म्हणजे सहज लवणारे. वेताची छडी लवचिक, जिम्नॅस्टचे शरीर लवचिक. त्या अर्थाने रबरच जास्त लवचिक आहे यात शंका नाही. शास्त्रातली संज्ञा स्थितिस्थापकता आहे, आणि ती ज्या कोणी घडवली त्याला मी मनोमन नमस्कार करतो, कारण शब्दातच व्याख्या आहे. आपली मूळ स्थिती पुन्हा स्थापन करण्याचा गुण, तो स्थितिस्थापकता. किती लवते हा प्रश्नच तिथे नाही. लवल्यावर परत येण्यासाठी किती जोर करते, हा प्रश्न आहे. वर्गात बोलताना "स्थितिस्थापकता" लांबलचक वाटते म्हणून शिक्षक "लवचिकता" म्हणतात आणि एका गुणाचा प्रश्न आयुष्यभर छळत राहतो.

निवृत्त मास्तर
अनुस्वार यांनी नेमके सांगितले. त्याला एका आकड्याची जोड देतो. एक मीटर लांबीची आणि एक चौरस मिलिमीटर छेदाची पोलादी तार छताला टांगून तिला दहा किलो वजन लावले तर ती साधारण अर्धा मिलिमीटर ताणली जाते. वजन काढले की ती पुन्हा पूर्वीच्या लांबीवर येते. तेवढ्याच जाडीच्या रबराच्या दोरीला दहा किलो लावायचे धाडस मी करणार नाही. एखाद्या किलोतच तिची अवस्था केविलवाणी होईल. समान विकृतीसाठी (म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात तेवढेच ताणण्यासाठी) लागणारे बल, अर्थात यंगचा गुणांक, पोलादाचा रबराच्या हजारो पट आहे. गुणाचे उत्तर बरोबर होते, फक्त त्याचा अर्थ वेगळा होता.

आणखी एक गोष्ट रबराच्या विरोधात जाते. पोलादी स्प्रिंगला वजने वाढवत गेलात तर दर वजनामागे वाढ सारखीच होते. रबराची होत नाही. घरी करून पाहण्यासारखे आहे. रबरबँडला प्लॅस्टिकची बाटली टांगा आणि दर वेळी शंभर मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे दर वेळी शंभर ग्रॅमची, जवळजवळ एक न्यूटनची भर पडेल. प्रत्येक वेळची लांबी वहीत लिहा. नंतर तसेच शंभर-शंभर मिलिलिटर काढत जा आणि लांबी पुन्हा मोजा. चढताना आणि उतरताना आकडे जुळत नाहीत. तेवढ्याच पाण्याला उतरताना रबर थोडे अधिक लांब राहिलेले आढळते, कारण ताणण्यासाठी दिलेल्या ऊर्जेतला काही भाग त्याने उष्णता म्हणून गिळलेला असतो.

भ्रमंती
रबराचा विषय निघालाच आहे तर, रुंद रबरबँड झटकन ताणून लगेच वरच्या ओठाला लावून पाहा, तो कोमट लागतो. ताणलेला ठेवून थोडे थांबा, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावा, आता गार लागतो. इंग्लंडमधील जॉन गफ या अंध अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे नोंदवले होते. आणखी गंमत अशी, की वजन टांगून ताणलेल्या रबराला ऊब दिली तर ते लांबण्याऐवजी आखडते आणि वजन वर उचलले जाते. पोलादाची तार असे कधीही करणार नाही.

ताकभात
कार्यालयात बैठक चालू असताना मी रबरबँड ओठाला लावून बसलो होतो. कोमट लागतो, हे खरे आहे. साहेबांनी काही विचारले नाही, पण त्यांची नजर बदलली.

खळाळ
मला मास्तरांचे "दर वजनामागे वाढ सारखीच" हे वाक्य महत्त्वाचे वाटते, कारण रद्दीवाल्याचा आकड्याचा काटा त्यावरच उभा आहे. त्याच्या पट्टीवरच्या खुणा समान अंतरावर असतात हे आपण गृहीतच धरतो. स्प्रिंगचे ताणणे बलाच्या प्रमाणात नसते तर त्या खुणा कुठे दाट, कुठे विरळ मारायला लागल्या असत्या. रॉबर्ट हूक यांनी हा नियम १६७६ साली प्रथम कोड्याच्या स्वरूपात छापला. लॅटिन वाक्यातली अक्षरे सुटी करून वर्णक्रमाने लावून ठेवली, म्हणजे शोध आपल्या नावावर राहील आणि तो दुसऱ्याला कळणारही नाही. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्यांनीच उलगडा केला, "उट टेन्सिओ, सिक विस", म्हणजे जसा ताण तसे बल.

आता आमच्या गल्लीतली हकीकत. एका रद्दीवाल्याकडे घरी मोजून नेलेली दहा किलो रद्दी नऊ किलो भरत असे. काटा शून्यावर अचूक उभा राहायचा, त्यामुळे कोणाला बोलताही येत नव्हते. तेव्हा मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. स्प्रिंग कायमची ताणली असती तर काटा शून्यावर उभा राहिला नसता, आणि स्क्रूने शून्यावर आणला असता तरी स्प्रिंगचा कडकपणा फारसा बदलत नाही, म्हणून चूकही मोठी आली नसती. दोष दर किलोमागे एकसारखा होता. माझा तर्क असा, की स्प्रिंगचे वेढे कमी केले होते. स्प्रिंग जितकी आखूड तितकी ती कडक. वीस वेढ्यांतले दोन काढले तर उरलेल्या अठरा वेढ्यांवर दहा किलोने होणारी वाढ ही वीस वेढ्यांवरच्या नऊ किलोइतकी होते. हा तर्क मी त्याला नियमासह समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि "साहेब, तुम्ही दुसरीकडे द्या" म्हणाला.

सायंतारा
वीस गुणिले नऊ बरोबर अठरा गुणिले दहा. मी आत्ताच कागदावर करून पाहिले. इतका सुबक गणिती गुन्हा मी प्रथमच ऐकत आहे.

उत्तरायण
मी स्टॉकहोममध्ये राहतो. काट्यांविषयी चालले आहे म्हणून माझा अनुभव. आजोबांच्या किराणा दुकानातले एक किलोचे लोखंडी वजन आठवण म्हणून मी येथे आणले आहे, आणि पुण्यात घेतलेला स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटाही. पुण्यात त्या काट्यावर ते वजन नेमके १००० ग्रॅम दाखवत असे. येथे १००३ आणि कधी १००४ दाखवते. पहिल्यांदा मला काटा बिघडला असे वाटले. मग लक्षात आले, की पुण्याला गुरुत्वत्वरण, म्हणजे पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितक्या मीटर प्रतिसेकंदाने वाढतो तो आकडा, ९.७८ च्या आसपास आहे आणि येथे ९.८२ च्या आसपास. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि विषुववृत्ताकडे तिच्या फिरण्याचा परिणाम अधिक आहे, त्यामुळे उत्तरेकडे येताना वस्तू किलोमागे साडेतीन ग्रॅमांच्या आसपास जड होतात.

काटा वस्तुमान मोजतच नाही. आतला ॲल्युमिनियमचा ठोकळा भाराने किंचित वाकतो, त्याला चिकटवलेल्या पातळ धातूच्या जाळीचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो, आणि त्या बदलावरून तो किलोचा आकडा ठरवतो. तो आकडा पुण्याच्या गुरुत्वाला धरून बसवलेला होता. म्हणजे आत स्प्रिंगच आहे, फक्त ती दिसत नाही. आजोबांची तागडी मी आणली असती तर ती येथेही बिनचूक चालली असती, कारण दोन्ही पारड्यांतल्या वस्तू सारख्याच जड झाल्या असत्या.

ताकभात
म्हणजे पुण्यात सोने तोलून घ्यायचे आणि स्टॉकहोमला तोलून विकायचे. दहा ग्रॅममागे पस्तीस मिलिग्रॅम नफा. विमानाचे तिकीट तेवढे कोणी तरी काढून द्या.

खळाळ
सोनाराचा काटा ज्या जागी वापरायचा तेथे प्रमाणित वजनाने तपासून घ्यावा लागतो, त्यामुळे हा नफा पहिल्याच दिवशी बुडेल. परंतु व्यापाराच्या बाहेर ही गोष्ट फार जुनी आहे. फ्रान्सचे ज्याँ रिशे १६७२ मध्ये विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेले, तेव्हा पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्यांचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक थोडा आखूड करावा लागला. न्यूटन यांनी पृथ्वी गोल नसून चपटी आहे असे मांडताना या निरीक्षणाचा आधार घेतला.

भ्रमंती
मास्तरांनी लिफ्टचा उल्लेख केला म्हणून रविवारी वजनाचा काटा लिफ्टमध्ये नेऊन त्यावर उभा राहिलो. आमची इमारत चौदा मजल्यांची आहे. वर निघताना क्षणभर काटा माझे वजन साठाऐवजी त्रेसष्टच्या पुढे दाखवतो, मधल्या मजल्यांवर पुन्हा साठ, आणि थांबताना सत्तावन्नच्या आसपास. नवव्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडले आणि मला पाहून "आम्ही पुढच्या लिफ्टने येतो" म्हणाल्या.

निवृत्त मास्तर
अनेक विद्यार्थी येथे फसतात. मधल्या मजल्यांवर लिफ्ट वेगात असते तरीही काटा साठच दाखवतो, कारण वेग नव्हे तर वेगातला बदल महत्त्वाचा. लिफ्ट जर दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद इतक्या दराने वेग वाढवत वर गेली असती तर काट्याने ६६ किलो दाखवले असते. आणि त्या सर्व वेळात पृथ्वीने तुम्हाला ओढण्यात काडीचाही फरक पडलेला नसतो. काटा पृथ्वीची ओढ दाखवत नाही, तो तुम्हाला वर ढकलताना स्वतः किती दबला ते दाखवतो.

आपल्यालाही वजन "जाणवते" म्हणजे खुर्चीची आणि जमिनीची ढकल जाणवते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथे गुरुत्वत्वरण ८.७ च्या आसपास, म्हणजे येथल्याच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये तेथे तरंगताना आपण पाहिले, तेव्हा अनेक वृत्तनिवेदक "तेथे गुरुत्वाकर्षण नसते" असे सांगत होते आणि मी दूरचित्रवाणीशी भांडत होतो. गुरुत्वाकर्षण असते. स्थानक आणि माणूस दोघेही एकत्र पडत असतात, त्यामुळे ढकलायला कोणी नसते.

सायंतारा
मग तेथे अंतराळवीर आपले वजन कसे करतात? काटाही बरोबरच पडत असणार.

उत्तरायण
याचे उत्तर मला फार आवडते, कारण तेथेही स्प्रिंगच कामाला येते. १९७३ च्या स्कायलॅब या अमेरिकी अवकाश स्थानकावर स्प्रिंग लावलेली एक खुर्ची होती. अंतराळवीराने त्यात स्वतःला घट्ट बांधून घ्यायचे आणि खुर्ची सोडली की ती पुढे-मागे झुलते. वस्तुमान जास्त असेल तर झोका सावकाश, कमी असेल तर भरभर. एका झोक्याला लागणाऱ्या वेळावरून थेट किलोग्रॅम मिळतात. वजन उरलेले नसते तरी वस्तुमान जागच्या जागी असते, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

अनुस्वार
मला एक शंका आहे. होडीत माणूस बसला की पाणीही त्याला तोलून धरते. पाण्याला आकार नाही, त्यामुळे त्याची वाकलेली स्थिती पूर्ववत होण्याचा प्रश्नच नाही. मग उंबरठा यांचे उत्तर तेथे कसे लागू होणार?

उंबरठा
युक्तिवादाचा सांगाडा तोच, कारण मात्र निराळे. माणूस बसला की होडी बुडू लागते. जितकी खोल जाईल तितके तळावरचे पाण्याचे दडपण वाढते, आणि बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होडी व माणूस यांच्या वजनाइतके झाले की ती थांबते. होडीलाही कोणी सांगत नाही. फक्त येथे परत ढकलण्याचे काम स्थितिस्थापकता न करता पाण्याचे स्वतःचे वजन करते.

ओसरी
सर्वांचे मनापासून आभार. मुलीने सगळे प्रतिसाद वाचले. "टेबल वाकते" हे तिला पटले, पण "डोळ्यांना दिसत नाही" या वाक्यावर तिचा विश्वास बसत नाही. ती म्हणते, दिसत नाही तर ते त्यांनी कशावरून ठरवले?

उंबरठा
अतिशय योग्य आक्षेप. तिला सांगा, टेबलाच्या टोकाजवळ, पायाच्या जवळपास, एक छोटा आरसा सपाट ठेवायचा आणि तिरका लेझर त्यावर पाडून ठिपका शक्य तितक्या दूरच्या भिंतीवर पाडायचा. टेबल मध्ये दाबले की टोकाशी पृष्ठभाग किंचित कलतो, आणि आरशामुळे किरण त्याच्या दुप्पट कोनात वळतो. मी वर सांगितलेल्या फळीसाठी पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका एक किलोमागे साधारण एक मिलिमीटर सरकेल. लेझर कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही याची मात्र काळजी घ्या.

ओसरी
काल रात्री केले. पहिले अर्धा तास काहीच जुळेना, कारण लेझर आम्ही त्याच टेबलावर टेकवला होता आणि तो टेबलाबरोबरच कलत होता. नंतर तो खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तकांमध्ये दाबून बसवला. आमचे टेबल प्लायवुडचे आहे. पाच किलोची तांदळाची पिशवी मध्ये ठेवल्यावर ठिपका सहा-सात मिलिमीटर सरकला आणि पिशवी उचलताच जवळजवळ पूर्वीच्या खुणेवर परत आला. दहा किलोला तेरा मिलिमीटर. आईने "हे तांदूळ जागेवर ठेवा" असे दोनदा सांगितले, म्हणून पंधरा किलोचे वाचन नाही.

पिशवी जरा आपटून ठेवली की ठिपका भिंतीवर थरथरतो आणि मग स्थिर होतो, हे तिने पाहिले आणि विचारले, की याचा अर्थ टेबल आधी जास्त ढकलते का?

निवृत्त मास्तर
होय. तिने तिच्या पहिल्या प्रश्नाचे उरलेले उत्तर स्वतःच शोधले. "थोडा जास्त जोर लावला असता तर पुस्तक उडाले असते" असे ती म्हणाली होती आणि आपण सर्वांनी ते वाक्य सोडून दिले. टेबल सुरुवातीला नेमका जोर लावतच नाही. पुस्तक टेकले त्या क्षणी वाक शून्य असतो, म्हणून ढकलही शून्य असते आणि पुस्तक खाली जाऊ लागते. समतोलाच्या जागेवर पोहोचते तेव्हा त्याला वेग आलेला असतो, म्हणून ते थांबत नाही, आणखी खाली जाते. आता टेबलाची ढकल वजनापेक्षा जास्त होते आणि पुस्तक वर फेकले जाते. आदर्श स्प्रिंगवर एखादी वस्तू हलकेच टेकवून एकदम सोडली तर सर्वांत खालच्या जागी स्प्रिंगचे बल वस्तूच्या वजनाच्या दुप्पट असते. वर-खाली करताना लाकडातल्या आणि हवेतल्या घर्षणात ऊर्जा जिरते, "धप्प" असा आवाजही त्यातूनच येतो, आणि काही क्षणांत पुस्तक मधल्या जागी विसावते. नेमकेपणा टेबलाला ठाऊक नसतो. तो थरथर संपल्यावर उरतो.

तिला खळाळ यांच्या रद्दीवाल्याचा काटा पाहायला सांगा. गठ्ठा आकड्याला लावून एकदम सोडला की काट्याची सुई आधी पुढे पळते, मग मागे येते, दोन-चार हेलकावे घेते आणि मग थांबते.

खळाळ
आणि सुई पुढे पळाली असतानाच आकडा वाचून घ्यायला सांगा. त्या गल्लीत तेवढाच एक क्षण ग्राहकाच्या बाजूचा होता.

ओसरी
रद्दी उद्या सकाळी द्यायची आहे. ती आत्तापासून गठ्ठे बांधत बसली आहे, आणि प्रत्येक गठ्ठा घरच्या काट्यावर तोलून त्यावर पेन्सिलीने आकडा लिहीत आहे.